विलासच्या काळजातला उजळ डाग

विल्या, मी तुला चालवून चालवून मारलं, असं दादाचं म्हणणं आहे. दहाव्याला घाटावर सगळ्या भावकीसमोर म्हणाला. हळू म्हणाला असता तर मी कानाआड केलंही असतं, पण आपल्या थोरल्या भावाचा आवाज तुला माहीतच आहे, दिघीत बोलला की भोसरीत ऐकू जातो. "चार म्हैनं गप बसू दिलं आस्तं तर आज आस्ता त्यो. हिनं रस्त्यावर नेऊन मारला माझ्या भावाला." आणि मी, एरवी एकाचे चार ऐकवणारी तुझी ताई, मूग गिळून उभी राहिले. कारण मला माहीतच नव्हतं रे. तो खरं बोलतोय की खोटं, हेच मला माहीत नव्हतं.

दमलेय मी. रडून नाही, रडायला अजून सवडच मिळालेली नाही. सांगून दमलेय. येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी विचारतो, "कसं झालं हो?" की मी सुरू. पहिल्यांदा सांगताना मधेच थांबावं लागत होतं. आता शाळेत पाढे म्हणून घ्यायचे तसं घडाघडा म्हणते. आमचे हे तर चहा करून करून इतके वैतागले, की परवा दारावरची बेल वाजली तेव्हा आधी गॅस पेटवला आणि मग दार उघडलं. तर बाहेर कुरियरवाला. त्यालाही पाजला.

तुझ्या कंपनीतली पोरंही येऊन गेली. चाकणहून शिफ्ट सुटल्यावर थेट आली, अंगावर कंपनीचेच शर्ट. ओळीनं बसली सोफ्यावर, हात मांड्यांत घालून. त्यातला एक म्हणाला, "विलासभाऊंनी पास केलेला पार्ट कधी परत आला नाही, राव." मग त्याला कळलं आपण बाईमाणसाला राव म्हणालो, आणि तो इतका लाजला की मलाच हसू आलं. तुझा अॅटॅक त्यांनीच निभावला होता. तू तुझ्या त्या अंधाऱ्या एक्स-रे रूममध्ये गाड्यांचे ओतीव पार्ट, ती तुमची कास्टिंग, बघता बघता घामाघूम झालास, तरी 'एवढा लॉट होऊ दे' म्हणत होतास. त्यांनी तुला ओढून गाडीत घातलं. त्यांचे उपकार कसे फेडू?

स्टेंट टाकून झाल्यावर तू माझ्याकडे चिंचवडला आलास. तुझा भोसरीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दादाकडे जावं तर वहिनीच्या हाताला मीठ फार. लग्न तू केलं नव्हतंस. म्हणजे उरले कोण, तर मी. खोटं कशाला बोलू, आधी मला धास्तीच वाटली होती. या वयात भावाला सांभाळायचं, आणि तेही तुझ्यासारख्या भावाला, जो कणीक बघून सांगतो की पोळीला फुगा कुठे येणार.

हॉस्पिटलात त्या काळात एक नवी तपासणी करून बघत होते. अॅटॅकनंतर हृदयाचा जो भाग रक्तावाचून मरतो, त्याच्या कडेला शरीर आपणहून बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या फोडायला बघतं. शिरेतून एक औषध द्यायचं, ते नेमकं अशा नव्या फुटव्यांपाशी जाऊन बसतं आणि किरणं सोडतं. मग यंत्र त्याचा फोटो काढतं. कुणाचं काळीज किती कामाला लागलंय ते त्यातून कळतं का, हे त्यांना बघायचं होतं. तू पुढे होऊन हो म्हणालास. बरं व्हायची हौस म्हणून नव्हे, यंत्र बघायची हौस म्हणून. मी काय ओळखत नाही तुला!

आणि तिथंच सगळा घोळ झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, हे तुमचं हृदय, आणि ही कडेला दिसतेय ती जागा. करड्या हृदयात एका बाजूला उजळ डाग. त्या दोन वाक्यं मराठीत बोलल्या, तीन इंग्रजीत, आणि तेवढ्यात त्यांना कुणीतरी बोलावून नेलं. तू मान हलवलीस. फोटोची प्रत मागून घेतलीस. "कळलं ना?" मी विचारलं. "मला नाही कळणार तर कुणाला कळणार?" तू म्हणालास.

घरी आलास आणि बसलास तो बसलासच. खिडकीजवळची खुर्ची धरलीस. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलेनास. बाथरूमला जायचं तर भिंतीला धरून, असा जपून, जणू अंगात काचेचं सामान भरलंय. डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलं होतं. मी चप्पल पुढ्यात आणून ठेवायची, तू "उद्या" म्हणायचास. समजावलं, चिडले, लाडीगोडी लावली, पालथ्या घड्यावर पाणी. तिकडून दादाचा रोज फोन, "हलू दिऊ नगं त्याला. तूप-भात घाल, पडू दे निवांत." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! आणि तू फोनवर त्याला "हो दादा, हो दादा" करायचास. ताकास तूर लागू देत नव्हतास.

शेवटी एक दिवस माझा पारा चढला. म्हटलं, "मेल्यासारखा काय बसलायस? मरायचंच होतं तर आम्हाला धावपळ कशाला करायला लावलीस?" असलं बोलायला नको होतं, पण आपल्या घरात गोड बोलून कधी कुणाचं काम झालंय? तू उठलास, तुझ्या पिशवीतून तो फोटो काढलास आणि माझ्यासमोर धरलास. त्या उजळ डागावर तू लाल मार्करनं फुली मारली होतीस.

"हे काय?"

"रिजेक्ट," तू म्हणालास.

मला क्षणभर काही सुधरेना. मग तू सांगायला लागलास, आणि इतक्या शांतपणे, जणू तो दुसऱ्याच कुणाचा फोटो आहे. तुमच्या पडद्यावर धातू करडा दिसतो. त्या करड्यात उजळ ठिपका दिसला, की तिथं धातू नाही, आत पोकळी राहिलीय. ब्लो होल. असा पार्ट वरून कितीही चांगला दिसला तरी लाल ट्रेमध्ये टाकायचा. दया करायची नाही. कारण तो गाडीत बसला आणि त्याच्यावर लोड आला, की नेमका तिथनंच फुटतो. "माझ्यावर लोड टाकू नकोस, ताई. बिनलोडचं जेवढं चालेल तेवढं चालवू." आणि वर म्हणालास, "दादाला सांगू नकोस. आधीच बीपी आहे त्याला."

विल्या, मला तेव्हा तुझ्या थोबाडीत द्यावी असंही वाटलं आणि तुला पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. गॅस बंद केला, पर्स घेतली आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी फुली बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. तुझं ऐकून घेतलं त्यांनी, सगळं. मग खुर्ची ओढून तुझ्याजवळ बसल्या. "तुमच्या यंत्रात उजळ म्हणजे तिथं काही नाही. आमच्या यंत्रात उजळ म्हणजे तिथं काहीतरी नवं उगवतंय. मी नीट थांबून सांगायला हवं होतं." पण तू कसला एका वाक्यात ऐकतोस! क्वालिटीचा माणूस. उलटतपासणी सुरू. डाग चुकून दुसऱ्या कशाचा असला तर? औषध भलतीकडेच जाऊन बसलं असलं तर? त्या न चिडता उत्तरं देत होत्या. शेवटी तू म्हणालास, "म्हणजे मॅडम, आमच्याकडे रस्ता खोदला की पाइपलाइन येणार एवढं कळतं. नळाला पाणी आलं का, ते नाही कळत."

"अगदी तेच," त्या हसल्या. "आत्ता खोदकाम जोरात दिसतंय, एवढंच मी म्हणेन. पाणी किती आलं ते काही महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर चाला. धाप लागेल इतकं नको, पण रोज." आणि हेही म्हणाल्या, की मी खात्री देत नाही. तू नंतर मला म्हणालास, खात्री देत नाही म्हणाली म्हणून माझा विश्वास बसला.

येताना सांगवीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली होती. मग हळूच बोटाच्या पेरानं स्वतःच्या छातीवर टकटक केलंस, माठ घेताना करतात तसं. "काय वाजतंय?" मी विचारलं. "बद्द," म्हणालास, "पण आवाज आहे." रिक्षावाला आरशातून बघत होता. आपण दोघं असे हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवसापासून चालणं. आधी सोसायटीच्या गेटपर्यंत. मग पिठाच्या गिरणीपर्यंत. मग गावठाणातून पार नदीच्या घाटापर्यंत. मी पुढे, तू मागे, कारण तुला रस्त्यात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीखाली वाकून बघायचं असायचं. "हे गिअरबॉक्सचं हाउसिंग आपल्याकडचं." "हे आपल्याकडचं नाही, फिनिश बघ कसलं घाण." लोकांना वाटायचं चोर आहे. एकदा मी जरा भरभर चालले तर म्हणालास, "ताई, तू मिलिटरीत जायला हवं होतंस. आजोबांची जमीन गेली त्यांच्याकडे, तेवढीच फिटंफाट झाली असती."

आभार मानायचे राहिले ते त्या चालण्याच्या सकाळींचे, विल्या. लग्न होऊन गेल्यावर बहिणीला भाऊ मिळतो तो दिवाळीत नि राखीला, ताटासमोर बसलेला, घड्याळाकडे बघणारा. तू मला रोज मिळालास. किती भांडलो आपण! आईचा जीव कुणावर जास्त, यावर तर गिरणीपासून घाटापर्यंत भांडलो आणि परत येताना पहिल्यापासून सुरू केलं. तू म्हणायचास दादावर, मी म्हणायचे तुझ्यावर. माझ्यावर होता असं कुणीच म्हटलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी म्हणालास, "तुझा तिला धाक होता गं." केवढं बरं वाटलं मला, तुला कळलं नसेल.

एकदा धीर करून विचारलं, लग्न का केलं नाहीस? थट्टेवारी नेशील असं वाटलं होतं. पण तू चालता चालता थांबलास. "सांगेन. घाई आहे का?" म्हणालास. नव्हती रे घाई. आपल्याला वाटलं, रोजच तर चालायचंय.

कामावर परत जायचं तुझं टुमणं मात्र मला पसंत नव्हतं, हे आताही सांगते. दुसरा फोटो चांगला आला की कंपनीचे डॉक्टर हलकं काम देतील म्हणायचास. मी म्हणायचे, कशाला त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायचं, माणसाला ऊन नको का? तू म्हणायचास, "तिथं मला सगळं स्पष्ट दिसतं, ताई."

दुसरी तपासणी झाली. आठवड्यानं या, सगळं निवांत दाखवते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या आठवड्यातच, घाटाजवळच्या बाकावर तू म्हणालास, "जरा टेकू." ऊन चांगलं पडलं होतं. "तुझी चप्पल बघ एकाच बाजूनं झिजलीय," म्हणालास. मी पाय वर करून बघितलं. खरंच झिजली होती. "हो रे," म्हणून मान वळवली, तर तू नव्हतास. बसलेला होतास, पण नव्हतास. मी हाका मारल्या, छाती दाबली, लोक धावले. बाकीचं तुला कशाला सांगू?

त्यानंतर दादा जे घाटावर बोलला ते मी घरी घेऊन आले. भाजी चिरताना तेच, आंघोळीला बसलं की तेच. खुर्चीत बसू दिलं असतं तर? लाल फुली तशीच राहू दिली असती तर? तुझी चूक होती म्हणून मी ती सुधारायला धावले, आणि त्या चुकीनंच तू वाचला असतास तर? हे सांगायचं कुणाला? आमचे हे म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस." मनाला लागतं ते काय लावून घेतलेलं असतं?

आणि मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, विलासरावांचे फोटो तयार आहेत. बघायची इच्छा असेल तर या, नसेल तरी हरकत नाही. आज सकाळी मी एकटीच गेले.

पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी होते. पहिला आपला ओळखीचा. दुसऱ्यात तो उजळ डाग नव्हताच, विझल्यासारखा, जेमतेम दिसत होता. "विझला?" म्हटलं. या वेळी त्या कुठंही उठून गेल्या नाहीत. "मावळायलाच हवा तो," म्हणाल्या. "वाहिन्या फुटत असतात तोवर उजळ. फुटून झाल्या, नीट लागल्या, की तो भाग शांत होतो." मग त्यांनी दुसरी जोडी लावली, रक्त कुठवर पोचतंय त्याची. आधी जिथं काळं भोक होतं, तिथं काठाकाठानं रंग आत आला होता. सगळीकडे नाही, मधे काळं होतंच. पण काठ भरला होता, विल्या. तुझ्या नळाला पाणी आलं होतं.

मी सरळ विचारलं, "मी चालवलं म्हणून गेला का तो?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मधला जो भाग मेला त्याचा व्रण राहतो. त्या व्रणापाशी कधीकधी ठोका अचानक बिघडतो. बसल्या जागी बिघडतो, झोपेतही बिघडतो. चालल्यामुळे काही झालं असं मला यात कुठंही दिसत नाही. दिसतं ते उलटच आहे."

बाहेर पडले तेव्हा मला चक्क हलकं वाटत होतं, लाज वाटली तरी. घरी गेलेच नाही. तशीच रिक्षा करून दिघीला निघाले. वाटेत सगळं मनात जुळवून ठेवलं, कुठून सुरू करायचं, कुठं आवाज चढवायचा. भावकीसमोर बोललास ना, आता ऐक म्हणावं.

दादा ओट्यावर बसला होता, वरच्या खोल्यांतल्या भाडेकऱ्यांच्या बुटांच्या रांगेशेजारी. दाढी वाढलेली. मी उभ्यानंच सुरू केलं. डाग, वाहिन्या, काठ, रंग, व्रण. चालण्यानं गेला नाही हे तर दोनदा सांगितलं. "डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, दादा. विचार हवं तर. चालण्यानं उलट..."

"थांब जरा," दादा म्हणाला. "म्हंजी त्याचं काळीज नीट व्हत व्हतं?"

"तेच तर सांगतेय मी. म्हणून तू जे सगळ्यांसमोर..."

"आगं, त्ये ऱ्हाऊ दे. नीट व्हत व्हतं का?"

"हो."

त्यानं टोपी काढली. "मी धरून बसलो व्हतो, पार कुजलंय म्हून. कुजल्यालं आज न्हाई उद्या जायाचंच. तुला बोललो खरा, पर रातीला तेवढ्यावरच डोळा लागत व्हता माझा." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "बरा व्हत व्हता, आन् तरीबी ग्येला?"

आणि दादा रडला. घाटावर नव्हता रडला, चितेपाशी नव्हता रडला. आता त्या परक्या बुटांच्या शेजारी बसून आपला एवढा मोठा दादा लहान पोरासारखा रडत होता. मी जुळवून आणलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. सकाळपासून मी माझ्याच सुटकेचं बघत होते. त्या पडद्यावर तुझ्याविषयी काय लिहिलंय, ते दादानं विचारेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मी त्याच्याजवळ ओट्यावर बसले. मग मलाही रडू आलं.

भांडण मी जिंकले, विल्या. तू बरा होत होतास रे.